खिशातली सनई

आता बगा, बेळगावपास्नं निपाणीपतोर बेंजो पार्ट्या मोजाय बसलासा तर दिवस मावळंल. खरं कीबोर्डवर सनई काढावी तर ती ह्या मष्णूनंच! मी शाळंत चौथीच्या म्होरं गेलो न्हाय, खरं माजी बोटं कॉलेजला जाऊन आल्यात, असं समदी म्हणत्यात. म्हंजे पैल्यांदा मीच म्हणलो, मग समदी म्हणाय लागली.

तर झालं काय, खासबागेत एका लग्नात वाढप्यानं मठ्ठ्याची बादली माज्या कीबोर्डवर पालथी केली. दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं उघडला, वास घेतला आणि मान हलवली. "आगल्ला मष्णू, व्हायचं न्हाय! ह्यातनं आता सनई न्हाय निघायची. लोणी निघंल!"

आणि हिकडं माज्या भाचीचं, रूपालीचं, लगीन तोंडावर! माजी भण अंबुबाई घरला आली ती दारातनंच सुरू झाली.

"अण्णा, पोरीच्या मागं मामा म्हणून तू उभारायचंस. वाजवाय-बिजवाय बसलास तर शामूला उभा करीन, सांगून ठेवतो!"

शामू म्हंजे आमचा चुलतभाऊ. कुणाचंबी लगीन असूंदे, मामाची जागा मोकळी दिसली की गडी फेटा बांधून हजर! बसच्या सीटवर रुमाल टाकावा तसा!

मी म्हणलं, "आणि माज्या भाचीच्या लग्नात सनई परक्यानं वाजवायची? मी काय मेलोय?"

"एक काय ते ठरीव. मामा, न्हाय तर बेंजो!"

ती गेली. मला जेवण गोड लागंना. खुर्चीत बसलो की उठतोय, उठलो की बसतोय. बायको म्हणाली, "मुंग्या चावल्या काय?" शेवटी आमच्या पार्टीचा हलगीवाला रविराज आला आणि म्हणाला, "मष्णूदा, आता कीबोर्ड मोबाईलमदीच येतोय की! ॲप म्हणत्यात. खिशात ठेव, ब्लूटूथनं स्पीकरच्या बॉक्सला जोड आणि नवरीच्या मागं उभारून बटण दाब. मामाबी तूच, सनईबी तूच!"

मी त्याला तिथंच मिठी मारली!

मग च्याच्या टपरीवर बसून आमी ॲपं तपासली. बैल घेताना दात बघत्यात तसं एकेकाचं तोंड उघडून बघितलं.

पैलं ॲप. आवाज असला गोड, जणू गूळ खाऊन गातंय! खरं बटणं मुंगीच्या पायाएवढी. माजं एक बोट ठेवलं की पाच सूर कोकलत्यात. "हे बारक्या पोरींसाठनं हाय," रविराज म्हणाला.

दुसऱ्यात नुसत्या चाव्याच चाव्या! इमान चालवाय बसल्यागत वाटाय लागलं. मी एक चावी फिरवली तर सनईची म्हस झाली. उलटी फिरवली तर म्हशीचा कुकर झाला. टपरीवाला पळत शेगडी बघाय गेला!

तिसऱ्यात आज बटण दाबलं की सूर उद्या येतोय. मी म्हणलं, "ह्याच्यावर वाजवलं तर सनई बारशाला ऐकाय येईल."

चौथं मातूर देखणं! एकच मोठ्ठं लाल बटण. दाबलं की सनई, ताशा, संबळ, समदं एकदम! इंग्रजीत कायतरी इचारत हुतं. एकदा इचारलं, दोनदा इचारलं.

"काय म्हणतंय रं?"

"काय की. परवानगी मागतंय वाटतं."

"मग दे की! लग्नघर हाय, कुणाला न्हाय कशाला म्हणायचं?"

दिली. हितंच चुकलं बगा.

लगीन टिळकवाडीच्या कार्यालयात. मी फेटा बांधून, खिशात मोबाईल घालून, रूपालीच्या मागं उभारलो. शामू कोपऱ्यातनं माज्याकडं असा बघतोय, जणू मी त्याचं पान उचलून जेवाय बसलोय! म्होरं अंतरपाट, पलीकडं नवरदेव नागेंद्र. निपाणीचा पोरगा, लाखात एक. केस तेवढं जरा इरळ.

आता तुमाला सांगतो, आमच्यात लगीन भटजी लावत न्हाय, बेंजो लावतोय! मागच्या माणसांला ना भटजी दिसतोय, ना ऐकू येतोय. बेंजो वाजला की लगीन लागलं, मूठभर अक्षता टाकायच्या आणि जेवणाच्या हॉलकडं सुटायचं!

दुसरी मंगलाष्टक संपली. रूपालीला रडं आलं. लहानपणी माज्या खांद्यावर झोपायची ती पोरगी, तिनं मान मागं टाकली आणि डोकं माज्या छातीवर टेकलं. माजं डोळं भरलं. आणि...

पीऽऽ पिपी पीऽऽ! धडाड धूम!

डोकं नेमकं खिशावर! लाल बटणावर!

"लागलं रं लगीन!" मागनं आरोळी आली. सहाशे मुठी एकदम सुटल्या! रविराजनं डोळं मिटून हलगी बडवाय सुरू केली. अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी अंतरपाट सोडला. नागेंद्रनं हार घालून टाकला. आणि समदा मांडव ताटांकडं पळाला!

भटजी कोकलतायत, "अहो, थांबा! अजून तीन मंगलाष्टका आहेत!"

नवऱ्याचा काका जोतिबा माज्या अंगावर आला. "हे काय अर्धं लगीन लावताय व्हय आमच्या पोराचं?"

"तुमी घाई केलासा!"

"आमी? सनई कुणाच्या खिशातनं आली?"

झालं! हार काढला. अंतरपाट परत धरला. नागेंद्रला सांगितलं, "बघितलंस ते इसर!" पाव्हण्यांला पानावरनं उठवून आणलं. अक्षता संपल्याल्या. कुणी सतरंजीवरनं येचाय लागलं, आणि कायजण तर पानातला मसालेभातच मुठीत घिऊन आले!

भटजींनी उरलेलं म्हणलं. शेवटचं "सावधान" आलं. मी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

बॉक्समधनं एक बाई बोलली, "तुमचे केस गळतायत का?"

नागेंद्रचा हात आपसूक फेट्याकडं गेला.

"तरुण वयात टक्कल पडतंय? लाजू नका!"

मी बटण दाबतोय, थापटतोय, मोबाईल हलवतोय. बाई काय थांबंना! फुकटाच्या सनईत कवाबी जाहिरात घुसवायची, ह्याचीच आमी परवानगी दिल्याली! आणि सहाशे माणसं हात वर धरून उभी. बेंजो न्हाय तर अक्षता कशी टाकायची? एक शीत पडंना! शामू फेटा सारखा करत म्होरं सरकाय लागला.

"अण्णा! वाजीव की रं!" अंबुबाई रडकुंडीला येऊन वराडली.

मग मी मोबाईल रविराजकडं फेकला, आ वासला आणि तोंडानंच सुरू केलं, "पीऽऽ पिपी पीऽऽ, पेंऽऽ पेपेंऽऽ!"

रविराजनं मोबाईल मांडीखाली दाबून हलगीवर टिपरी टाकली. आणि पडल्या बगा अक्षता! मसालेभात भटजींवर पडला, त्यातला एक काजू माज्या तोंडात गेला, खरं मी सूर सोडला न्हाय!

जेवणं झाल्यावर अंबुबाई आली. मी मान खाली घातली. तिनं माज्या फेट्यातलं भाताचं शीत काढलं. "पोरीच्या मागं उभारलास न्हवं? बास मला." मग हात म्होरं केला. "आता मोबाईल काढ." आणि माज्याच हातानं चारीच्या चारी ॲपं पुसाय लावली.

पुढच्या आठवड्यात जावई पैल्यांदा घरी आले. मी नजर चुकवत फिरतोय. न्हाणीघराकडं गेलो तर हे मागनं! "मामा, जरा हिकडं या." मला वाटलं, आता कानाखाली बसतीय!

त्यांनी हिकडं तिकडं बघितलं, टोपी काढली आणि हळूच इचारलं, "मामा, ती बाई शेवटी तेलाचं नाव काय म्हणाली हो?"

जावयाला न्हाय कसं म्हणायचं? चौथं ॲप परत घेतलंय. अंबुबाईला सांगू नका! सकाळपास्नं लाल बटण दाबत बसलोय. आता मेली सनईच वाजतीया, बाई काय बोलंना!