बिनआकड्यांचं घड्याळ

कर्वेनगर, वारजे आणि आसपासच्या तमाम खरेदीदारांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या मधुमालती सोसायटीतले श्री. ओव्हाळसाहेब यांनी यापुढे कुणाच्याही खरेदीला सोबत जायचं बंद केलं आहे. तेव्हा फ्रिज, फ्लॅट, सोफा, स्कूटर, जावई यांपैकी काहीही घ्यायचं असेल तर ज्याने त्याने स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावं. मागाहून दार नीट लागत नाही म्हणून आमच्या जिन्यात येऊन रडू नये.

बाहेरच्यांना या बातमीचं गांभीर्य कळणार नाही. ओव्हाळसाहेबांची सगळी नोकरी एका सरकारी खात्याच्या भांडार विभागात गेली. खात्याला लागणाऱ्या टाचणीपासून ट्रकपर्यंत प्रत्येक वस्तू त्यांच्या नजरेखालून जायची. तीन दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, वापरणाऱ्याची गरज तपासायची आणि शेवटी शेरा मारायचा: मंजूर किंवा नामंजूर. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, तक्ता सुटला नाही. आमच्या सोसायटीत मिक्सरसुद्धा त्यांच्या शेऱ्याशिवाय आला नाही.

त्यांची सर्वोच्च स्तुती म्हणजे "प्रथमदर्शनी ठीक." माझ्या बायकोच्या, म्हणजे नंदाच्या, पुरणपोळीला गेली पंधरा वर्षं हाच शेरा आहे. त्यांची मुलगी प्राची इंजिनियरिंगला विशेष प्रावीण्य मिळवून आली, आम्ही सगळे पेढे खात होतो, आणि साहेब गुणपत्रिका उजेडाकडे धरून म्हणाले, "प्रथमदर्शनी ठीक."

कोरडा माणूस म्हणाल, तर एक गोष्ट सांगतो. ओव्हाळवहिनी गेल्या तेव्हा प्राची शाळेत होती. शाळेत दोन वेण्या लागायच्या. साहेबांनी सोसायटीतल्या तीन बायकांकडे जाऊन वेणी कशी घालतात ते पाहिलं, तिघींच्या पद्धतीतले गुणदोष त्यांना तोंडावर सांगितले आणि नंदाची पद्धत मंजूर केली. दहावीपर्यंत रोज सकाळी त्या मुलीच्या वेण्या त्यांनी घातल्या. इतक्या घट्ट, की पोरीच्या भुवया दिवसभर वर असायच्या. शाळेतल्या बाईंना वाटायचं, ही मुलगी आपल्या शिकवण्यावर सतत आश्चर्य व्यक्त करते आहे.

ही प्राची हिंजवडीला आयटीत लागली. पहिल्या पगारात तिने वडिलांना शर्ट आणला. साहेबांनी तो उलटा केला, शिवण ओढून पाहिली, काखेतला एक टाका सुटलेला शोधून काढला आणि त्याच संध्याकाळी शर्ट दुकानात परत देऊन पैसे तिच्या हातावर ठेवले. "फसवत होते तुला," म्हणाले. प्राचीच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना वाटलं, फसवणूक झाल्याचं आलं. ते तिला समजावत बसले की, असं सगळ्यांचं होतं, अनुभवाने नजर तयार होते.

तेव्हा पुढल्या वेळी तिने डोकं चालवलं. साहेबांची साठी जवळ आली होती. तिला त्यांना एक घड्याळ द्यायचं होतं. ती आमच्याकडे येऊन म्हणाली, "काकू, काका, सरळ दिलं तर परत करतील. मी असं करते, ऑफिसातल्या एका सिनियरला निवृत्तीच्या निरोपाला द्यायचंय असं सांगते आणि पप्पांकडूनच पास करून घेते. एकदा स्वतः मंजूर केलं की मग नाही कसं म्हणतील?" योजना इतकी चोख होती की मला तिच्या कंपनीबद्दल आदर वाटला. कुणालाही न सांगण्याची शपथ तिने आम्हा दोघांना घातली.

घड्याळ एका परदेशी कंपनीचं होतं. नवीन झालेल्या काचेच्या मॉलमध्ये त्यांचं दुकान होतं, आणि त्यात वस्तूंपेक्षा मोकळी जागाच जास्त. पांढरी तबकडी, दोन बारीक काळे काटे. बाकी काही नाही. आकडे नाहीत, रेघा नाहीत, तारीख नाही. साहेबांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सोबत होतो.

"बाकीचं छापायचं राहिलंय," ते म्हणाले.

"पप्पा, हेच तर डिझाइन आहे. काय ठेवायचं नाही, ते त्यांनी ठरवलंय."

"म्हणजे आकडे काढले आणि किंमत वाढवली. आमच्याकडे असा कंत्राटदार काळ्या यादीत जायचा."

काउंटरवर शीतल नावाची मुलगी होती. ती पाठ केल्यासारखं म्हणाली, "सर, हे घड्याळ नाहीये, हे स्टेटमेंट आहे."

"मग वेळ विचारायची असेल तर कुठल्या काउंटरला जाऊ?"

पण पद्धत म्हणजे पद्धत. साहेब कामाला लागले. लक्ष्मी रोडवरच्या दोन दुकानांतून तुलनेसाठी घड्याळांच्या किमती आणल्या. या घड्याळाच्या आतलं यंत्र एका जपानी कारखान्याचं आहे आणि तेच यंत्र बऱ्याच स्वस्त घड्याळांतही असतं, हे त्यांनी शोधून काढलं. "आत तोच माणूस, अंगात नवा सदरा," असा त्यावर अंतरिम अभिप्राय दिला. मग कॅटलॉग घेऊन नारायण पेठेतल्या एका घड्याळजीकडे गेले आणि विचारलं, "हे बिघडलं तर दुरुस्त होईल का?" घड्याळजीने डोळ्यावरचं भिंगसुद्धा काढलं नाही. म्हणाला, "बिघडलं की या. कागद दुरुस्त करत नाही आम्ही."

साहेब घरी येऊन म्हणाले, "माणूस विश्वासू आहे."

दिवाळी गेली, संक्रांत गेली. साहेब मॉलमध्ये जातच होते. हळूहळू त्यांच्या बोलण्यात फरक पडायला लागला. एकदा म्हणाले, "हातावर घातलं की आहे हे कळत नाही." दुसऱ्यांदा म्हणाले, "पाटणकर, आकडे नसले तरी आपण वेळ बरोबर वाचतो हो. मग इतकी वर्षं ते आकडे कुणासाठी होते?" शीतलने आम्हाला एकदा हळूच सांगितलं की, सर येतात, घड्याळ घालून पाच मिनिटं उभे राहतात, काढतात आणि काही न बोलता जातात. प्राचीला हे सांगितलं तेव्हा ती पोरगी खुशीत नंदाच्या गळ्यात पडली. घड्याळ पास होणार, याबद्दल आम्हा तिघांच्याही मनात शंका उरली नाही.

एका रविवारी आमच्याकडे चहाला बसलो असताना साहेबांनी चष्मा पुसला. "तांत्रिक तपासणी संपली," ते म्हणाले. "आता वापरणाऱ्याची गरज. हा जो तुझा सिनियर आहे, तो माणूस कसा आहे?"

हा प्रश्न येईल हे प्राचीने धरलंच नव्हतं. ती म्हणाली, "कडक आहेत."

"कडक म्हणजे?"

"कुणाला चांगलं म्हणत नाहीत. काम कितीही नीट केलं तरी त्यातली चूक दाखवतात."

"त्रास देतात?"

"नाही हो. उलट आम्ही उशिरापर्यंत थांबलो की तेही थांबतात. विचारलं तर म्हणतात, ट्रॅफिक कमी व्हायची वाट बघतोय."

नंदाने माझ्या पायावर पाय दिला. कारण प्राचीची बस उशिरा यायची त्या प्रत्येक वेळी साहेब सोसायटीच्या फाटकाशी उभे असायचे, आणि विचारलं की सांगायचे, वॉचमन झोपतो का ते तपासतोय.

"घरी कोण आहे त्यांच्या?"

"एक मुलगी आहे."

"तिचं त्यांच्याशी जमतं?"

प्राची म्हणाली, "तिचं जमतं. त्यांचं माहीत नाही."

साहेबांनी मान हलवली आणि विचार करायला आठवडा मागून घेतला.

पुढच्या रविवारी शेरा आला. "घड्याळ मंजूर," साहेब म्हणाले. "किंमत जास्त आहे, पण ज्याने बनवलं त्याने मन लावून बनवलंय. एवढा साधेपणा फुकट मिळत नाही. घेण्यासारखं आहे."

आयुष्यात पहिल्यांदा ते 'प्रथमदर्शनी' म्हणाले नव्हते. प्राची उठून उभीच राहिली.

"पण या माणसाला देऊ नका."

"का?"

"अगं, असली माणसं मी ओळखतो. सुंदर वस्तू हातात आली की तो आधी किंमत विचारेल. मग उलटीपालटी करून खोट काढेल. खोट नाही सापडली तर कपाटात ठेवून देईल. आणि देणाऱ्याला जन्मभर वाटत राहील की आपलंच काहीतरी चुकलं. वस्तूत दोष नाही, माणसाची लायकी नाही. त्याला रुमालांचा डबा द्या."

"पप्पा, बदलले ते तर?"

"साठाव्या वर्षी?"

प्राची म्हणाली, "बरं," आणि कप उचलून आत विसळायला गेली.

नंदा तिच्या मागे स्वयंपाकघरात गेली. "सांगून टाक गं. त्यांना कळलंच नाहीये."

"आणि कळलं असेल तर? ओळखूनच नाही म्हणाले असतील तर?" प्राची म्हणाली. "राहू दे काकू. तुम्ही कुणी बोलायचं नाही."

साठीच्या दिवशी तिने त्यांना रुमालांचा डबा दिला. साहेबांनी एकेक रुमाल उलगडून पाहिला. "प्रथमदर्शनी ठीक," म्हणाले. त्यानंतर कंपनीने तिला जर्मनीला पाठवायचं ठरवलं. याआधी दोनदा तिने नाही म्हटलं होतं. या वेळी हो म्हणाली.

माणूस एकटा राहायला लागला की आधी आवाजात कळतं. साहेब जिन्यात बोलायचे तेव्हा खालच्या मजल्यावर ऐकू यायचं, ते आता समोर उभं राहून नीट ऐकावं लागायला लागलं. रविवारी प्राचीचा फोन यायचा. तिकडे थंडी किती, इकडे ऊन किती, एवढंच बोलणं. संध्याकाळी मात्र साहेब अजूनही फाटकाशी उभे राहायचे. हिंजवडीच्या बसमधून दुसऱ्यांची मुलं उतरायची. वॉचमन बिचारा टक्क जागा असायचा.

मग एक दिवस पहिल्या मजल्यावरचे लोक फ्रिजचं विचारायला गेले, तर साहेब म्हणाले, "तुम्हाला आवडलाय ना? मग घ्या." ते लोक घाबरून आमच्याकडे आले. साहेबांना डॉक्टरकडे न्यायचं का, असं विचारत होते.

बुद्धपौर्णिमेला साहेब दरवर्षी स्वतः खीर करून आमच्याकडे आणतात. या वर्षीही आणली. बसले. म्हणाले, "पाटणकर, तो माणूस आता निवृत्त होऊन घरी बसला असेल."

"कोण?"

"प्राचीच्या ऑफिसातला तो. मी फार कडक शेरा मारला हो. माणूस न बघता मारला. घड्याळ बघायला मी चार महिने लावले, आणि माणसाला एक आठवडा." ते खिरीच्या वाटीकडे बघत होते. "खोट काढली असती त्याने, कपाटातही ठेवलं असतं. पण अधूनमधून कपाट उघडून बघितलं असतं ना? कुणीतरी आपल्यासाठी एवढं हिंडून काहीतरी आणलं होतं, एवढं तरी त्याला कळलं असतं. ते मी होऊ दिलं नाही."

नंदाने पदर तोंडाला लावला. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. शपथ म्हणजे शपथ.

"मी ते घड्याळ घेतो," साहेब म्हणाले. "माझ्या पैशाने. पण प्राचीच्या नावाने त्याच्या घरी पाठवू. तिला कळवू नका, उगाच माझा निर्णय फिरला म्हणून हसेल. चला, येताय?"

आम्ही तिघं रिक्षाने मॉलमध्ये गेलो. शीतल होती. तिने साहेबांना ओळखलं आणि न विचारता ते घड्याळ काढून समोर ठेवलं. साहेबांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही. उलटं करून पाहिलं नाही, काही कमी करा म्हणाले नाहीत. "भेट द्यायचंय, नीट बांधा," एवढंच बोलले, आणि पैसे देऊन टाकले.

शीतलने पांढरा डबा काढला, त्यावर करडी फीत बांधली, एक छोटं कार्ड घेतलं आणि पेन उघडलं. "सर, कुणाकडून?"

"प्राचीकडून."

तिने ते लिहिलं. "आणि कुणाला?"

साहेबांनी खिसे चाचपले, जणू नाव कुठल्यातरी खिशात असणार होतं. मग माझ्याकडे वळले. "अहो, नाव विचारायचंच राहिलं की. एवढी तपासणी केली आणि त्या माणसाचं नाव विचारलं नाही मी. पाटणकर, तुम्हाला काही बोलली होती का ती?"

मी भिंतीवर टांगलेले घड्याळांचे पट्टे बघायला लागलो. शीतल पेन धरून उभी होती. साहेब माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि तेवढ्यात माझ्या मागून नंदाच्या तोंडून निघून गेलं,

"ओव्हाळ लिही गं बाई. दुसरं कुणी नव्हतंच."