भिंतीला पहिला हात

घर सजवायला पैसा लागत नाही, डोकं लागतं, आणि ते माझ्याकडे भरपूर आहे, असं मी नव्या घराची किल्ली हातात पडली त्याच दिवशी नवऱ्याला ठणकावून सांगितलं. तो "बरं" म्हणाला. तो नेहमीच "बरं" म्हणतो. कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचं त्याचं काम. वरून आलेल्या सूचनेवर वाद घालायचा नसतो, ती मापात उतरवायची असते, हे त्याच्या अगदी हाडीमाशी भिनलं आहे. घरचे त्याला फूटपट्टी म्हणतात. मीही म्हणते, फक्त जरा प्रेमाने.

आता तुम्ही म्हणाल, भाड्याच्या दोन खोल्या, त्यात एवढं काय सजवायचं? तर ऐका. लग्न झाल्यापासून आम्ही मोठ्या दिरांकडे राहत होतो. आमच्या खोलीत आमच्याही आधीपासून इस्त्रीचं टेबल, शिलाई मशीन आणि दिरांची व्यायामाची सायकल राहत होती, आणि त्यांचा हक्क आमच्यापेक्षा जुना होता. जाऊबाई स्वभावाने लाख चांगल्या, पण इस्त्री करायला केव्हाही येत. एकदा तर मी तापाने फणफणले होते, तेव्हा त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवून दुसऱ्या हाताने दिरांचा शर्ट पुरा केला. त्यामुळे मला माझी म्हणावी अशी एक तरी भिंत हवी होती. हट्टाने हवी होती.

अडचण होती ती मालकीणबाईंची. त्या खालच्या मजल्यावर राहायच्या. आधीच्या भाडेकरूंनी खिळे ठोकून ठोकून भिंतींची चाळण केली होती, तेव्हापासून बाईंचा मनुष्यजातीवरचा विश्वास उडाला होता. जिन्यात त्यांनी पाटीच लावली होती : 'भिंतींना हात लावू नये.' आम्हाला त्यांनी बजावलं की घरात एकही खिळा ठोकायचा नाही. हॉलची एक भिंत रंगवायची तर खुशाल रंगवा, मी येऊन बघेन, पसंत पडली तर राहा, नाहीतर घर माझ्या भाचीला देते. ही भाची मधूनच येऊन आमच्या खिडक्यांची मापं घेऊन जायची, त्यामुळे धमकी पोकळ नव्हती.

मी कंबर कसली! फळवाल्याकडून रिकामी खोकी आणली आणि त्यांचं बाकडं केलं. जुन्या चादरींचे पडदे शिवले. रिकाम्या बाटल्यांत छोटे दिवे कोंबून कोपऱ्यात रोषणाई केली. त्यातली एक बाटली पेटते, बाकीच्या नुसत्या बाटल्या दिसतात, पण कल्पना तर कळते ना! उशीच्या अभ्र्यांवर नक्षी छापायची म्हणून बटाटे अर्धे कापले, त्यांवर चांदण्या कोरल्या, एकदा निळ्या रंगात बुडवून छापून पाहिल्या आणि ओट्यावर ठेवून दुकानात गेले. चष्म्याच्या दुकानात नोकरी आहे माझी. संध्याकाळी जेवायला बसते तो काय, बटाट्याची भाजी निळी! फूटपट्टीला वाटलं, मी अर्धवट चिरून घाईत निघून गेले. त्याने बिचाऱ्याने ते बटाटे धुतले आणि परतून टाकले. चांदण्या मात्र फार रेखीव कापल्या होत्यास, असंही वर म्हणाला.

त्या दिवशी मी त्याला कडक तंबी दिली. यापुढे स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही, मी सांगेन ते करायचं, आणि सांगेन तेवढंच करायचं. तो म्हणाला, "बरं."

शेवटी राहिली भिंत. विटकरी रंगाचा डबा, ब्रश, रोलर सगळं आणून ठेवलं होतं. रविवारी मी स्वतः रंगवणार होते. आणि नेमकं शनिवारी सकाळी दुकानात निघताना मालकीणबाईंनी मला जिन्यात गाठलं. उद्या त्या मुलीकडे जाणार होत्या, म्हणून भिंत आज संध्याकाळीच बघणार होत्या. भाचीही फार मागे लागली आहे, हे त्यांनी जाता जाता ऐकवलं. पण हातपाय गाळायचा आपला स्वभावच नाही. फूटपट्टीला सुट्टी होती. मी दुकानात पोचले आणि त्याला फोन लावला. समोर एक आजोबा नवा चष्मा लावून भिंतीवरची अक्षरं वाचत बसले होते, तेव्हा सगळं थोडक्यात आटपायला हवं होतं.

"ऐक, भिंतीला आज पहिला हात मारून टाक."

"हात?"

"हो, हात. ब्रश नीट भरून घे, खाली गळू देऊ नकोस. सगळीकडे सारखा बसला पाहिजे. कोपरे सोडू नकोस."

मग त्याने विचारलं, "उजवा की डावा?"

मला वाटलं, ब्रश कुठल्या हातात धरू असं विचारतोय. म्हटलं, "उजवाच ना रे, तू काय डावखुरा आहेस? आणि दाट मारू नकोस. पहिला वाळला की मग दुसरा."

"बरं."

दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाला मी दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा चष्मा दिला आणि तो छान दिसतंय म्हणून आनंदाने निघालाही होता. शेवटी मालकांकडे डोकं दुखतंय अशी थाप मारली आणि लवकर निघाले. जिना धावत चढले, दार उघडलं, आणि खरोखरच माझं डोकं दुखायला लागलं.

भिंतीवर पंजे होते! खालपासून वरपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाचही बोटं पसरलेले विटकरी पंजे! शंभर माणसांना कुणीतरी एकदम 'हात वर' म्हणून दरडावलं असावं, असे ते रांगेत उभे होते. पेन्सिलीने आखलेल्या रेघांच्या प्रत्येक चौकटीत एक, बरोबर मधोमध. स्टुलावर फूटपट्टी उभा होता. उजवा हात कोपरापर्यंत विटकरी, डाव्या हातात पट्टी, कानावर पेन्सिल.

"बघ," तो म्हणाला, "ब्रश भरून हाताला लावायचो, थेंबसुद्धा गळू दिला नाही. कोपऱ्यात हात दुमडावा लागला. आणि दाट नको म्हणालीस म्हणून मध्ये वीतभर जागा सोडली. हा वाळला की डावा सुरू करतो."

रंगाच्या थराला 'हात' म्हणतात, हे या माणसाला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं! मी सांगितलं. जरा मोठ्याने सांगितलं. त्याचं म्हणणं असं, की बटाट्याचे ठसे चालतात तर हाताचे का नाही? शिवाय डोकं चालवायचं नाही असं ठरलं होतं. मी रोलर उचलला. बाई यायच्या आत हे सगळं झाकून टाकायचं. अजून वेळ होता. मी डब्याकडे वळले आणि दारावरची घंटा वाजली. बाई लवकर आल्या होत्या.

मी खिडकीचा चादरीचा पडदा ओढून काढला, बाकड्यावर चढले आणि भिंतीसमोर दोन्ही हातांनी तो ताणून धरला. फूटपट्टीने दार उघडलं. उघडताना दाराला एक पंजा, दिव्याच्या बटणाला एक पंजा, आणि बाईंची पर्स अदबीने हातात घेतली तेव्हा पर्सवरही एक पंजा. पर्स पांढरी होती.

बाईंनी पर्सकडे पाहिलं. मग बाकड्यावर चादर पसरून उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"काय गं, कपडे वाळत घालतेस का?"

मी म्हणाले, भिंत अजून ओली आहे, धूळ बसू नये म्हणून धरलंय. थाप बरी होती. पण मी जरा तोऱ्यात सरळ उभी राहिले आणि पायाखालचं खोकं करकरलं. फळवाल्याची खोकी फळांसाठी केलेली असतात, हे मला त्या क्षणी उमगलं. मी खाली आणि चादर माझ्यावर.

चादरीखाली मी गपचूप पडून राहिले. खरं सांगते, रडू आलं. इस्त्रीचं टेबल डोळ्यांसमोर नाचायला लागलं. जिन्यातल्या पाटीला आम्ही ओळीने, आखून, शंभर वेळा हरताळ फासला होता, आता घर जाणारच होतं. शेवटी श्वास कोंडला म्हणून डोकं बाहेर काढलं, तर बाई चष्मा लावून भिंतीला नाक टेकेल इतक्या जवळून एकेक पंजा निरखत चालल्या होत्या.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी," फूटपट्टी म्हणाला. "हिने फोनवर सांगितलं तसं."

बाई परत या टोकाला आल्या. "इतकी वर्षं मी जिन्यातून ओरडतेय, भिंतीला हात लावू नका, हात लावू नका. लावायचे ते लावतातच, पण एकालाही असा ओळीत लावता आला नाही. एकही वाकडा नाही हो."

आणि हसल्या! घर वाचलं, हे माझ्या लक्षात आलं. पण विटकरी भिंतीचं माझं स्वप्न अजून शिल्लक होतं. मी उठून चादर झटकली आणि नम्रपणे म्हणाले, अजून दुसरा हात द्यायचा राहिलाय, मग हे सगळं झाकलं जाईल आणि भिंत एकसारखी दिसेल.

"खबरदार," बाई म्हणाल्या. "हे असंच राहिलं पाहिजे. राहाल तोवर राहा, भाचीचं मी बघते. पण या भिंतीवर रोलर फिरलेला मला दिसता कामा नये."

फूटपट्टी म्हणाला, "बरं." मला कुणी विचारलंच नाही.

पर्सवरचा पंजाही त्यांनी पुसू दिला नाही, राहू दे म्हणाल्या. निघताना त्या दारात थांबल्या. मोडलेलं बाकडं, चादरीचे पडदे, कोपऱ्यातल्या बाटल्या, निळ्या डागांच्या उश्या, सगळ्यावरून त्यांनी सावकाश नजर फिरवली. मी ताठ उभी राहिले. शाबासकी घ्यायची तर नीट उभं राहून घ्यावी.

"भिंत सुरेख झाली," त्या मला म्हणाल्या. "आता हा कचरा बाहेर काढ आणि बाकीचं घरही याच्याकडूनच लावून घे. तुझं काम नाही ते."

एरवी मी दहा उत्तरं दिली असती. पण घर हवं होतं ना मला! मी म्हणाले, "बरं."