सातवा कप

"शिरीष, माझं तिकीट जरा अलीकडचं करून टाका. या शुक्रवारी निघतो म्हणतो," शनिवारी सकाळी पोहे संपवून अप्पांनी जाहीर केलं.

"नक्की ना, अप्पा?"

"नक्की."

"ओके," म्हणून शिरीषनं लॅपटॉप उघडला. आणि इथेच सगळं चुकलं.

हरीश केळकर, म्हणजे शिरीषचे सासरे अप्पा, पुण्याहून तीन महिन्यांसाठी नेदरलँड्समधल्या फोरबर्गला आले होते. अजून पाच आठवडे बाकी होते. त्यातच सात वर्षांच्या नातीची, संहिताची, पोहण्याच्या पहिल्या डिप्लोमाची परीक्षा होती. कपडे-बूट घालून पाण्यात उडी मारायची, आणि काठावर आजोबा उभे असणार, असं तिनं अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. अप्पांची मुलगी सुमेधा आतल्या खोलीत जाऊन डोळे पुसून आली. "कंटाळले असतील. जायचंच असेल तर जाऊ दे त्यांना," एवढंच ती म्हणाली.

अप्पा कंटाळले नव्हते. अप्पा उपाशी होते.

त्यांनी आयुष्यभर दोन नियम पाळले होते. पहिला, कुणी काही वाढायला आलं की आधी नको म्हणायचं, मग नको-नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा "बरं, एवढं म्हणताय तर अगदी थोडं" म्हणून पान पुढे करायचं. दुसरा, पानात पडलेलं टाकायचं नाही. एकाहत्तर वर्षं हे बिनबोभाट चाललं. इथे मात्र पहिल्याच नियमानं दगा दिला. शेजारच्या आनेमिकबाईंनी कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा पुढे केला. अप्पा "नो, नो" म्हणाले. बाईंनी हसून झाकण लावलं आणि डबा कपाटात गेला. अप्पा त्या कपाटाकडे वीस मिनिटं बघत बसले होते.

परक्यांचं एक वेळ सोडा. घरातही तेच चाललं होतं. "अप्पा, भात?" "नको." "ओके." पोटची मुलगी, कर्वेनगरात वाढलेली, ती एकदा विचारून भाताचं पातेलं फ्रीजमध्ये ठेवायला लागली होती. अप्पांचं वजन साडेतीन किलोनं उतरलं, तर सगळ्यांनी त्यांच्या मॉर्निंग वॉकचं कौतुक केलं. आता माणसानं आग्रह करा असं तोंडानं कसं सांगायचं? मग त्यांनी शेवटचा उपाय म्हणून निघतो असं सांगून पाहिलं. जावयानं लॅपटॉप उघडला.

संध्याकाळपर्यंत शिरीष तिकिटाच्या वेबसाइटच्या शेवटच्या पानावर पोचला होता. फक्त हिरवं बटण दाबायचं राहिलं होतं. "आल्यावर दाब," सुमेधा म्हणाली. "एकदा तरी त्यांना बाहेर जेवायला नेऊ या. घरापासून जवळ ते तिबेटी हॉटेल आहे ना, तिथे."

हॉटेल म्हणजे सहा टेबलं, खिडकीत रंगीत पताका आणि काउंटरमागे साठीच्या पेमाताई. नवरा आत रांधायचा, त्या बाहेर वाढायच्या. बटाट्याचे मोमो आले. संहितानं लगेच दोन उचलले. अप्पांसमोर ताटली धरताच ते सवयीनं म्हणाले, "नको, नको."

"ओके," म्हणून शिरीषनं ताटली स्वतःकडे ओढली.

पेमाताईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि उरलेले सहाच्या सहा मोमो अप्पांच्या पानात वाढले. "लीजिए, बाबूजी."

अप्पांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. आठ आठवड्यांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर लग्नाच्या पंगतीतलं तेज आलं. मोमो संपले, आणखी चार आले, तेही संपले. मग पेमाताईंनी किटलीतून सगळ्यांना लोण्याचा चहा ओतला.

पहिल्या घोटाला अप्पांचे डोळे मोठे झाले. ते सुमेधाकडे वाकले. "साखरेऐवजी मीठ पडलंय," ते कुजबुजले. "कुणी काही बोलू नका. बाईंना वाईट वाटेल."

"अप्पा, तो चहा असाच..."

"श्श!" त्यांनी जावयाला गप्प केलं, डोळे मिटले आणि कप एका दमात रिकामा केला.

पेमाताईंनी तो भरला.

आता अप्पांची पंचाईत झाली. मिठाचा चहा टाकला तर बाईंची चूक उघडी पडणार, शिवाय दुसरा नियम मोडणार. त्यांनी दुसराही कप संपवला. कप रिकामा दिसताच पेमाताई किटली घेऊन आल्या. शिरीष आणि सुमेधानं एकेक घोट घेऊन कप तसेच ठेवले होते, त्यांच्याकडे त्या फिरकल्याही नाहीत. तिसऱ्या कपाला अप्पांनी स्वेटर काढला. चौथ्याला पट्टा एक भोक सैल केला. पाचव्याला शेजारच्या टेबलावरचं डच जोडपं जेवण थांबवून बघायला लागलं.

"आजोबा, यू आर सो थर्स्टी!" संहिता म्हणाली.

सहावा कप संपवून अप्पांनी त्यावर तळहात ठेवला. "नको," ते म्हणाले. आवाज क्षीण होता. पेमाताईंनी हसत तो हात अलगद बाजूला केला.

शिरीष उठलाच. "आंटी, वो सच में मना कर रहे हैं!"

पेमाताईंनी किटली टेकवली आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "पुण्याचे ना हे?"

चौघांनीही माना वर केल्या. सुमेधा म्हणाली, "हो. तुम्हाला मराठी येतं?"

"बारा हिवाळे पुण्यात फुटपाथवर स्वेटर विकले मी. पुण्याचं गिऱ्हाईक नको म्हणतं आणि चालायला लागतं. पण हळू चालतं. का? तर मागून हाक ऐकायची असते. हाक मारली की वळतं. नाही मारली तर बिचारं खरंच घरी जातं, आणि स्वेटर माझ्याकडेच राहतो."

अप्पा एकदम चमच्याकडे बघायला लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

शिरीषनं आधी ते कान पाहिले, मग बायकोकडे पाहिलं. सकाळचं ते "निघतो म्हणतो" त्याला आठवलं. आठ आठवडे हा माणूस हळू चालत होता, आणि आपण दर वेळी ओके म्हणत होतो! त्याला मनापासून लाज वाटली.

"अप्पा, शुक्रवारी जाऊ नका," तो म्हणाला.

"छे, छे. ठरलंय आता."

"अजिबात जायचं नाही," सुमेधानं त्यांचा हात धरला. "मी जाऊच देणार नाही तुम्हाला."

"नको गं. तुमची ऑफिसं, तुमची धावपळ... नको."

दोन झाले. शिरीष मनात मोजत होता. तेवढ्यात घरात कधी इंग्रजीशिवाय उत्तर न देणारी संहिता खुर्चीवरून उतरली आणि आजोबांच्या बाहीला लोंबकळली. "आजोबा, राहा ना. मी बुडले तर कोण बघणार?"

अप्पांनी घसा खाकरला. चष्मा काढून पुसला. "बरं," ते म्हणाले, "एवढं म्हणताय सगळे, तर... राहतो."

सुमेधानं टाळीच वाजवली. डच जोडप्याला काही कळलं नव्हतं, पण त्यांनीही वाजवली. शिरीषनं फोनवर तिकिटाचं ते पान उघडलं. बदल न करता बाहेर पडायचं का, नक्की का, असं वेबसाइटनं दोनदा विचारलं. एवढं तर त्यानं सासऱ्यांनाही विचारलं नव्हतं. त्यानं दोन्ही वेळा हो दाबलं.

त्या आनंदात पेमाताईंनी सातवा कप भरला होता.

"हा कसा संपवू?" अप्पा हवालदिल झाले.

"संपवायचा नाही. आमच्यात पोट भरलं की कप भरलेला ठेवतात. रिकामा दिसला की आम्ही भरणारच."

"अहो, मग सहा कपांआधी सांगायचं नाही?"

"मला वाटलं, आवडतोय. आणि मीठ चुकून पडलेलं नाही हं. ऐकलं मी मघाशी."

सगळे हसत उठले. कोट चढवून अप्पा विजयी वीरासारखे दारापर्यंत गेले. तिथे थबकले आणि त्यांनी वळून पाहिलं. टेबलावर काठोकाठ भरलेला कप वाफाळत होता. एकाहत्तर वर्षांत त्यांनी पानात शीतसुद्धा टाकलं नव्हतं. त्यांना ते बघवेना. ते तरातरा मागे गेले आणि उभ्याउभ्याच कप रिकामा केला.

मागे पेमाताई किटली घेऊन उभ्याच होत्या. "बसा," त्या म्हणाल्या.

अप्पा "नको" म्हणाले आणि बसले.