थॉर्नली हॉलची चोरखोली

गुप्त गोष्ट चारचौघांना दाखवल्याशिवाय ती गुप्त आहे हे कुणालाही पटत नाही. इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातल्या खानदानी कॅथलिक घरांनी हे तत्त्व जितक्या निष्ठेने पाळलं, तितक्या निष्ठेने शुक्रवारचा उपाससुद्धा पाळला नसेल.

राणी प्रोटेस्टंट आणि परगणा कॅथलिक, त्यामुळे कायदा सुटसुटीत होता. पाद्री सापडला तर पाद्र्याला फास, लपवणाऱ्याला तुरुंग. म्हणून प्रत्येक बऱ्या घरात पाद्री लपवायला एक चोरखोली असे. (पाहणी केली असता मोठी घरं एकतीस, चोरखोल्या तेहतीस भरल्या. दोन घरांनी पाहुण्यांसाठी वेगळी काढली होती.)

थॉर्नली हॉलची चोरखोली जेवणाच्या दालनात, धुराड्याशेजारच्या ओकच्या फळ्यांमागे होती. मालकीणबाई अर्सुला थॉर्नली यांनी सुताराला बायबलवर हात ठेवायला लावून शपथ घातली, की हे कुणाला कळता कामा नये. मग त्यांनी ती फक्त नणंदेला दाखवली, तीही शपथ घालून. नणंदेने शपथ घालून जावेला आणलं. सुगी संपेपर्यंत एकशेचाळीस माणसं शपथेला बांधली गेली होती. "आत बसून बघा ना, संकोच कसला!" असं अर्सुलाबाई म्हणत, आणि लोक रांगेने बसून बघत. गावच्या प्रोटेस्टंट धर्मगुरूच्या बायकोने तर बिजागऱ्यांची मनापासून तारीफ केली. थोडक्यात, सरकार सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. सरकार लंडनचं, आणि लंडनच्या माणसाला लँकेशरमध्ये कुणी विहिरीचा रस्तासुद्धा सांगत नाही.

सध्या त्या खोलीत फादर जर्वेस होलक्रॉफ्ट गुडघे हनुवटीला लावून बसले होते. आजचा तिसरा दिवस. वरच्या मजल्यावरून एक बोरूची नळी खाली सोडली होती, तिच्यातून दिवसातून दोनदा कोंबडीचा रस्सा येई. जर्वेस समुद्रापलीकडच्या पाद्र्यांच्या शाळेत तीन वर्षं हौतात्म्याचं शिक्षण घेऊन आले होते आणि परीक्षेत वरच्या श्रेणीत होते. मात्र हौतात्म्य नाताळनंतर यावं असं त्यांचं मत होतं, कारण अर्सुलाबाईंकडे नाताळला भरलेला हंस असे.

शिवाय ते नुसते पाद्री नव्हते, कटवालेही होते. उत्तरेकडे बंड उठवून कॅथलिक राजा आणायचा, असा अकरा पानी मसुदा त्यांनी एकहाती लिहिला होता. त्यात शपथ होती, कूच करण्याचा क्रम होता, आणि कुणी टोपीत कुठलं पीस खोवायचं याचं स्वतंत्र कलम होतं. बंड आधी नोव्हेंबरात ठरलं, पण तेव्हा डुकरं खारवायची असतात. डिसेंबरात नाताळ. मग चाळीस दिवसांचे उपास, आणि रिकाम्या पोटी कोण बंड करणार? पुढे मेंढ्या विणार, मग कापणी. बारकाईने शोधलं असता वर्षात बंडाला मोकळा असा एकच मंगळवार सापडला. त्या दिवशी पाऊस पडला. बुधवारी धरपकड झाली, आणि जर्वेस निसटले ते थेट थॉर्नली हॉलवर. दोन महिने ते पाहुणे म्हणून राहिले, आणि तपास आला तेव्हा या फळ्यांमागे गेले.

त्यांना शोधायला लंडनहून टोबायस क्रॅडक आले होते. सभ्य, मऊ बोलणारा माणूस. त्यांनी तीन दिवस दोर लावून घर मोजलं. बाहेरून जेवढं घर, आतून तेवढं भरायला हवं, कमी भरलं तर चोरखोली, असं ते शास्त्र. पण थॉर्नली हॉल पाच पिढ्यांनी पाच भांडणांत बांधलेला. तो आतून दोन फूट जास्तच भरला. क्रॅडकसाहेबांनी टिपणात लिहिलं, 'घर बाहेरून लहान आहे,' आणि जेवायला बसले.

"बाईसाहेब, उद्या निघतो मी," ते मटणाच्या पायाला सुरी लावत म्हणाले. "तुमच्याकडे चोरखोली नाही, असं लेखी देऊन जातो."

फळ्यांमागे जर्वेसनी छातीवर क्रूस काढला.

"फार उपकार झाले," घरमालक सर कथबर्ट म्हणाले.

"मला आधीच वाटलं होतं म्हणा. चोरखोली असायला घराचा जरा दर्जा लागतो."

अर्सुलाबाईंचा चमचा ताटलीवर वाजला. "म्हणजे?"

"रागावू नका. पण त्या पलीकडच्या मिलिसेंटबाई शॉ! त्यांच्या चोरखोलीला तोड नाही म्हणतात. आत बाक काय, कोनाडा काय."

"मिलिसेंटची? अहो, पावसाळ्यात तिचं दार फुगतं, चार माणसं लागतात ओढायला..."

"अगं," सर कथबर्ट घाईने म्हणाले, "मीठ दे."

"मीठ तुमच्यापुढेच आहे."

"मग दुसरं दे."

"दार फुगतं होय?" क्रॅडकसाहेबांनी मऊपणे विचारलं.

"ऐकीव आहे," बाई म्हणाल्या. "आणि अहो, माझ्या पायावरचा पाय काढा, मला कळलंय." मग त्यांनी डोळे मिटले, आणि पोटच्या पोराला ओळखत नाही असं सांगावं तशा आवाजात बोलल्या, "आमच्याकडे काही नाही, क्रॅडकसाहेब. आम्ही साधी माणसं."

जर्वेसचे डोळे भरून आले. काय ही श्रद्धा! यापुढे रोजच्या प्रार्थनेत अर्सुलाबाईंचं नाव पोपच्या आधी घ्यायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

क्रॅडकसाहेबांनी हात पुसले आणि खिशातून एक यादी काढली. "मी आलो होतो तो त्या होलक्रॉफ्टसाठी. तसं काही अडत नाही. अठ्ठेचाळिसावं नाव आहे. पुढे शेरा बघा: निरुपद्रवी. सापडल्यास जेवू घालून वाटेला लावावे."

"अरे वा!" सर कथबर्टना खरंच हायसं वाटलं. "पण तो कटात होता म्हणतात ना?"

"कटात पाच जण होते. त्यातले तीन आमचे. (त्याशिवाय पत्रं वेळेवर पोचत नाहीत.) चौथा बॅसिल कॅटरॉल, तोच खरा डोकेबाज. अकरा पानी मसुदा, सरसाहेब! दरबारात हातोहात वाचला गेला. त्याला फाशी देऊन चिरलं तेव्हा बायकांनी त्याच्या रक्तात रुमाल भिजवून नेले आठवण म्हणून. आणि हा होलक्रॉफ्ट... घोडे धरायला होता वाटतं."

पाद्र्यांच्या शाळेत जर्वेसना सगळं शिकवलं होतं. सांधे ताणले तर कुठलं स्तोत्र म्हणायचं, नखं उपटली तर कुठलं. या प्रसंगावर धडा नव्हता. त्यांनी बाही दातांत धरली. 'घोडे' त्यांनी गिळलं. आपण गप्प राहिलो तर जेवून घरी जाणार आहोत, हेही त्यांना स्वच्छ कळत होतं.

"त्यातलं ते पिसांचं कलम तर," क्रॅडकसाहेब म्हणाले, "बॅसिलच्या बुद्धीची कमाल!"

"बॅसिल?" धुराडं म्हणालं. "बॅसिलला स्वतःचं नाव लिहिताना दोनदा शाई सांडायची! पिसं माझी! अकराच्या अकरा पानं माझी!"



"वारा," सर कथबर्ट म्हणाले. "आमच्याकडे वारा फार."

अर्सुलाबाई मात्र उठल्या. डोक्यावरचा हंडा उतरवल्यासारखा त्यांनी श्वास सोडला. "क्रॅडकसाहेब, खरं सांगा. आवाज नक्की कुठून आला, कळलं?"

"नाही, बाईसाहेब."

"कळणारच नाही!" बाईंनी फळी ढकलली. "ही बिजागरी बघा. करते का कुरकुर? आता सांगा मला मिलिसेंटचं कौतुक!"

क्रॅडकसाहेब नियमाला धरून स्वतः आत बसले, बाहेर आले आणि म्हणाले, "उत्तम काम आहे." बाईंनी पदर नसल्यामुळे बाहीने डोळे टिपले.

जर्वेस केसांतला चुना झटकत यादीपाशी येऊन उभे राहिले. 'निरुपद्रवी' खोडलं गेलं, 'अत्यंत धोकादायक' लिहिलं गेलं, नाव अठ्ठेचाळीसवरून पहिल्यावर गेलं. "खाली सही करा, म्हणजे पुन्हा घोळ नको," क्रॅडकसाहेब म्हणाले. जर्वेसनी ठसठशीत, झोकदार सही केली.

पुढे लँकेस्टर शहरात चाललेल्या खटल्यात त्यांचं नाव सर्वांत आधी वाचलं गेलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, असं हजर असलेले सांगतात. त्यानंतर शिक्षा वाचली गेली, तेव्हा तेवढं नव्हतं. नाताळला अजून नऊ दिवस होते.

क्रॅडकसाहेब दुसऱ्या दिवशी मिलिसेंटबाईंकडे गेले. तिथे ते याआधी कधीच गेले नव्हते. जेवताना त्यांनी थॉर्नली हॉलच्या बिजागऱ्यांची स्तुती केली आणि फुगलेलं दार ओढायला मिलिसेंटबाईंनी स्वतः चार माणसं बोलावली. पुढे तीस वर्षं क्रॅडकसाहेबांनी मोजणीच्या दोराला हात लावला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मी असतो तर तोंडातून चकार शब्द काढला नसता. अशी माणसं क्रॅडकसाहेबांना पुष्कळ भेटली. त्यांना ते टोचून वगैरे बोलत नसत. ते फक्त दौत जवळ ओढत, लेखणी बुडवत आणि आदराने विचारत, "असं? कसं काय जमतं हो तुम्हाला?"