घोलपचं बिऱ्हाड

अमेरिकेत पिस्कॅटवेला आम्ही राहायचो त्या अपार्टमेंटच्या मेलरूममध्ये एक मोठा निळा डबा होता. आपली पेटी उघडायची, कामाची पत्रं काढून घ्यायची आणि उरलेला कचरा तिथल्या तिथे त्या डब्यात टाकायचा, ही सगळ्यांची रीत. घोलपची रीत उलटी. तो आधी डब्यापाशी जायचा, मग स्वतःच्या पेटीपाशी.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो कमरेत वाकून त्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. मी दिवसभराचं काम आणि तासाभराचा ट्रॅफिक अंगावर घेऊन आले होते, कोणाशी बोलायची इच्छा नव्हती. हातात क्रेडिट कार्ड कंपनीचं एक जाडसर पाकीट होतं, ते न उघडताच फाडायला घेतलं.

"अहो, अहो, फाडू नका!" तो ओरडला. पाकिटावरचं माझं आडनाव त्याने तेवढ्यात वाचलं होतं. "आत चेक आहेत, वहिनी. मागची बाजू तरी बघू द्या."

त्या वर्षांत अमेरिकेत राहिलेल्यांना हे चेक आठवत असतील. कार्ड कंपन्या न मागता पाठवायच्या. एका कागदावर तीन चेक, त्यावर आपलं नाव छापलेलं. दुसऱ्या कार्डावर एकोणीस-वीस टक्क्यांनी कर्ज असेल तर हा चेक लिहून ते फेडून टाकायचं. कर्ज जात नाही, फक्त इकडे येऊन राहतं, आणि वर्षभर त्यावर व्याज शून्य. वर तीन टक्के फी. वर्ष संपलं की व्याज परत मूळपदावर. शहाणी माणसं असले चेक फाडून टाकत. घोलप त्यांच्या मागचा बारीक मजकूर वाचायचा, आणि त्यासाठी खिशात भिंग बाळगायचा.

"तुमचा चेक नकोय मला, नुसता रेट बघायचाय," तो म्हणाला. "एकाच कंपनीने तुम्हाला काय दिलंय आणि मला काय, हे कळलं की फोनवर भांडायला बरं पडतं."

आणि तो खरंच भांडायचा. आवाज न चढवता, चाळीस-चाळीस मिनिटं. पलीकडची बाई शेवटी कंटाळून एखादा टक्का सोडायची.

घोलप बार्शीचा. वय चौतीसच्या आसपास, एका इन्शुरन्स कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा. आमच्या खालच्या मजल्यावर एकटा राहायचा. थोड्याच दिवसांत मी त्याला अरेतुरे करू लागले. एकदा जेवायला आला असताना म्हणाला, "वहिनी, येत्या महिन्यात बिऱ्हाड हलवायचंय." माझा नवरा सुधीर भाबडा. त्याने दुसऱ्या दिवशी दुकानातून आठ रिकामे खोके आणून घोलपच्या दारात ठेवले. घोलप खोक्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मी नाही हो, माझं कर्ज चाललंय. एका कार्डावरून दुसऱ्या कार्डावर."

दर वर्षी हे बिऱ्हाड हलायचं. फ्रीजवरच्या मराठी कॅलेंडरात एकादशी आणि संकष्टीच्या शेजारी त्याने लाल पेनाने कुठल्या कार्डाची मुदत कधी संपते ते लिहिलेलं असायचं. त्याआधी सहा आठवडे त्याची जेवणावरची वासना उडायची. चेक पोस्टात टाकल्यावर तो पोचेपर्यंत झोप उडायची. शून्य टक्के व्याजासाठी एवढं रक्त आटवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हे कर्ज आलं कुठून, ते त्याने बऱ्याच दिवसांनी सांगितलं. त्याचे वडील तीन महिन्यांसाठी अमेरिकेला आले होते. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून आयुष्य काढलेला माणूस. घोलपने त्यांच्यासाठी विमा काढायला घेतला तर फोनवरून म्हणाले, "मी काय मरायला येतोय का तिकडे? कशाला पैसे घालवतोस!" वडिलांचा शब्द म्हणून याने विमा रद्द केला. तिसऱ्या आठवड्यात वडिलांच्या छातीत कळ आली.

माणूस वाचला. बिल आलं सव्वीस हजार डॉलरचं.

आता, हॉस्पिटलचं पहिलं बिल हे भाजीवाल्याने सांगितलेल्या पहिल्या भावासारखं असतं, हे इथे राहणाऱ्याला हळूहळू कळतं. फोन करायचा, विमा नाही म्हणून सांगायचं, रडायचं, हप्ते बांधून घ्यायचे. निम्मं तरी उतरतं, हप्त्यांना व्याजही लावत नाहीत. पण घोलप कारकुनाचा मुलगा. त्यांच्या घरात विजेचं बिल कधी शेवटच्या तारखेला भरलं गेलं नव्हतं. याने आठवड्याच्या आत तीन कार्डं वापरून सगळेच्या सगळे सव्वीस हजार भरून टाकले, आणि हॉस्पिटलच्या बाईने आश्चर्याने 'थँक यू' म्हटल्यावर त्याला अभिमानही वाटला.

वडिलांना मात्र त्याने सांगितलं, "बाबा, कंपनीने भरलं."

तेव्हापासून त्याने ठरवून टाकलं होतं. हे फिटेपर्यंत भारतात जायचं नाही. तिकिटाचे पंधराशे डॉलर गेले की फेड तीन महिने लांबते, असा त्याचा हिशोब. दर रविवारी सकाळी वडील फोनवर विचारायचे, "कधी येतोस?" हा म्हणायचा, "रजा मिळत नाही, बाबा."

आमच्यावर त्याचे उपकार आहेत, तेही सांगायला हवेत. सुधीरचा प्रोजेक्ट बंद पडून तो सहा महिने घरी होता, तेव्हा आमच्या कार्डावर सात हजार चढले होते. घोलपने आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून चेक लिहून घेतला, पाकिटाला तिकीट लावलं आणि दम दिला, "आता या नव्या कार्डावर च्युइंगगमसुद्धा घ्यायचं नाही." कारण असं, की तुम्ही जे पैसे भराल ते कंपनी आधी शून्य टक्केवाल्या रकमेत जमा करते. नवी खरेदी तशीच खाली पडून राहते आणि तिच्यावर पूर्ण व्याज चढत जातं.

मी विसरले. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात पर्समधून हाताला आलं ते कार्ड दिलं. स्टेटमेंट आलं तेव्हा घोलपने भिंग लावून ती ओळ शोधून काढली.

"वहिनी," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "काय घेतलंत?"

"मेथी. आणि कणीक. आणि जरा किरकोळ."

"त्या मेथीवर आता एकोणीस टक्के चालू आहेत. अकरा महिने."

मेथी कधीच खाऊन झाली होती. तो मात्र वर्षभर दर महिन्याला येऊन तिची चौकशी करायचा, जशी काही ती आमच्या घरातलं आजारी माणूस होती. मी एकदा वैतागून म्हणाले, "घोलप, तू लग्न कर." तो म्हणाला, "आधी कर्जाचं प्रिन्सिपल संपू दे."

अशी वर्षं गेली. पूर्वी त्या चेकच्या फीला पंचाहत्तर डॉलरची मर्यादा असायची. कितीही मोठा चेक लिहा, फी त्याच्या वर नाही. मग एकेक करत कंपन्यांनी ती मर्यादा काढून टाकली. ते पहिलं पत्र आलं त्या दिवशी घोलप आमच्याकडे सुतकात बसल्यासारखा बसून होता. पुढे पुढे चेकच कमी यायला लागले, शून्याचे चार टक्के झाले. घोलपच्या डोक्यावरचे केस विरळ झाले. सुधीर म्हणायचा, हा आणि याचं कर्ज दोघे एकदमच संपणार. मला त्या थट्टेचं हसू यायचं बंद झालं होतं. खरं सांगायचं तर मला त्याचा कंटाळा आला होता, त्याच्या आकड्यांचा, लाल पेनाचा आणि तोंडावरच्या त्या थकव्याचा.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी तो आला. पुण्याहून आलेल्या कोणाबरोबर वडिलांनी चिवडा पाठवला होता, आणि चिवड्याच्या पिशवीत एक पाकीट. पाकिटावर लिहिलं होतं, 'मा. मॅनेजरसाहेब यांस.' कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'चि. हेमंतने इंग्रजीत भाषांतर करून साहेबांना द्यावे.'

"वहिनी, भाषांतराला जरा मदत करा," तो म्हणाला.

"अरे, पण देणार कोणाला?"

"देणार कोणालाच नाही. पण बाबांनी सांगितलंय ना."

मी कागद हातात घेतला. कचेरीतलं वळणदार अक्षर, डाव्या बाजूला सरळ समास सोडलेला. विषय : चि. हेमंत यास पंधरा दिवसांची रजा मिळणेबाबत.

'महोदय, आपण माझ्या आजारपणात जो खर्च केलात त्याबद्दल मी ऋणी आहे. माझा मुलगा चार वर्षांत घरी आलेला नाही. सदर खर्चाच्या भरपाईपोटी त्याची रजा कापली जात असल्यास विनंती, की उर्वरित रक्कम माझ्या पेन्शनमधून दरमहा रुपये सातशे याप्रमाणे वळती करून घ्यावी, आणि मुलास पंधरा दिवस सोडावे. त्याची आई त्याची वाट पाहते. मीही पाहतो.'

दरमहा सातशे रुपये. म्हणजे अठरा डॉलर. घोलप कुठलाही आकडा ऐकला की तोंडी हिशोब करायचा. मला वाटलं आता म्हणेल, इतकी वर्षं लागतील. त्याने कागद माझ्या हातातून घेऊन परत वाचला.

"बाबांना वाटतंय, कंपनीने मला अडकवून ठेवलंय," तो शेवटी म्हणाला.

"मग कोणी अडकवलंय?" माझा आवाज चढला. "किती राहिलेत?"

"चार हजार शंभर. आठ-नऊ महिने फक्त, वहिनी. मग जातोच."

"बाबा किती वर्षांचे?"

"चौऱ्याहत्तर."

मला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त त्याची दया आली. मी सुधीरच्या प्रिंटरमधून एक कोरा कागद ओढला आणि इंग्रजीत उत्तर लिहायला घेतलं. आपला अर्ज पोचला. आपल्या उपचारांपोटी कंपनीचं काहीही येणं नाही, पेन्शनमधून काही पाठवू नये. आपल्या मुलाला तीन आठवड्यांची रजा मंजूर करण्यात येत आहे.

घोलप माझ्या खांद्यावरून वाचत होता. "त्यांनी पंधराच दिवस मागितलेत."

"साहेब मी आहे," मी म्हणाले.

तो हसला. मग चष्मा काढून बराच वेळ शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. "तिकिटाचे पैसे?"

"कार्डावर घाल."

"बिऱ्हाडाच्या कार्डावर?"

"हो. त्याच्यावरच."

त्याने मान हलवली. मी खाली न वाचता येणारी सही ठोकली आणि कागद घडी घालायला घेतला, तर त्याने माझा हात थांबवला.

"वहिनी, शेवटी एक ओळ घालाल? मुलगा काम चांगलं करतो, असं. बाबांना बरं वाटेल."

मी कागद परत उलगडला आणि ती ओळ लिहिली. लिहिताना मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. घोलप शेजारी बसून, शाई वाळेपर्यंत, ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता.