मास्तरांनी ब्रेक गप्प केले

या, जरा जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावं. कथा लहान आहे आणि सांगणाऱ्याचा आवाज त्याहून लहान. आज एका शिंपीमास्तरांची, त्यांच्या थोरल्या बहिणीची आणि एका लाल गाडीची गोष्ट सांगतो. हसू येईल तिथे मोकळेपणी हसा. मध्येच डोळ्यांत काही गेलं तर शेजाऱ्याकडे न बघता पुसून टाका, तोही तेच करत असेल.

तर त्या रविवारी सकाळी, गळ्यात टेप आणि ओठांत टाचणी अशा थाटात मास्तरांनी घरात जाहीर केलं, की बुधवारपर्यंत या गाडीचे ब्रेक असे गप्प करतो, की शेजारून गेली तरी मांजराची झोप मोडायची नाही. पस्तीस वर्षं शिवणयंत्रं सांभाळली, तिथे चार चाकांचं ते काय कौतुक! मास्तरीणबाई भाजी निवडत होत्या. आधी टाचणी काढून ठेवता का, एवढंच त्यांनी विचारलं. टाचणी ओठांत धरून मास्तरांनी आजवर जे जे बोलून दाखवलं होतं, त्यातलं एकही धड पार पडलेलं नव्हतं.

गाडी मास्तरांची नव्हती, ताईची होती. दोनच माणसं बसतील अशी, बुटकी, रुंद, छप्पर दुमडून मागे टाकता येणारी स्पोर्ट्स कार. ताई जहाजावर इंजिनं सांभाळते. पहिल्या काही वर्षांच्या पगारातून तिने ही हौस पुरी केली आणि पुढच्या सफरीवर निघताना किल्ली भावाच्या हातात ठेवून म्हणाली, सांभाळ रे छोट्या. छोट्या आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे. ताई शेवटची घरी येऊन गेली त्याला नऊ वर्षं झाली. कधी जहाज दुसऱ्याच बंदराला लागलं, कधी रजा मध्येच रद्द झाली, कधी नुसताच फोन आला. त्या फोनवर ताई पहिल्यांदा विचारायची, गाडी कशी आहे? आणि मग, तू कसा आहेस?

मंडळी, माणसाचं मन मोठं चमत्कारिक. प्रश्नांपेक्षा प्रश्नांचा क्रम त्याला जास्त लागतो. मास्तरांनी मनाशी पक्कं धरलं, की ताईला या घराकडे ओढणारा दोर एकच आहे आणि तो लाल रंगाचा आहे. गाडी बिघडली की दोर तुटला. म्हणून नऊ वर्षं ते एकच उत्तर देत आले: गाडी अगदी झकास, साधा आवाजसुद्धा नाही.

आणि आवाज कसला होता म्हणता? ब्रेकवर पाय ठेवायचा अवकाश, की चारी चाकं एकदम टिपेला जात. ते ओरडणं गल्लीच्या या टोकाला सुरू होऊन त्या टोकाला संपे. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा निरोप पाठवला होता, की तुमची गाडी आली की माझे पेशंट खुर्चीतून उठून निघून जातात. त्यांना वाटतं, आतल्या खोलीत कुणाचा तरी दात उपटणं चाललंय. मास्तर तरी किती चालवणार? रविवारी कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. ताईचे पाय लांब, म्हणून सीट तिच्या मापाची. ती पुढे सरकवणं मास्तरांना पाप वाटे. ते पाठीशी चिंध्यांची उशी घेत आणि पायाच्या बोटांनी पेडल चाचपत. दुसऱ्या गियरच्या पलीकडे त्या गाडीला त्यांनी कधी जाऊ दिलं नव्हतं. वाघाला दोरी बांधून भाजी आणायला न्यावं, तसा सगळा प्रकार.

अशात शनिवारी रात्री ताईचा फोन आला. बुधवारी दुपारी एका बंदराहून दुसऱ्या बंदराला जायचंय, तुमच्या स्टेशनवर गाडी बदलायचीय, मध्ये पाऊण तास आहे. घरी यायला वेळ नाही. तू आपली लाल गाडी घेऊन स्टेशनबाहेर ये, एक फेरी मारू.

पाऊण तास! नऊ वर्षांच्या हिशेबात पाऊण तास म्हणजे सदऱ्याला एक बटण. पण मास्तर त्या बटणावर अख्खा सदरा शिवायला बसले.

आधी ते गॅरेजच्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी चाकाआड डोकावून सांगितलं, की ब्रेकचे पॅड न वापरल्याने कडक आणि गुळगुळीत झालेत, ते काढून घासावे लागतील. गुरुवारी करतो, तोवर हात लावू नका. बुधवारी बहीण येणाऱ्या माणसाला गुरुवार सांगणं म्हणजे जेवण झाल्यावर मीठ वाढणं. मास्तर तडक घरी आले आणि विचार करू लागले. शिवणयंत्र कुरकुरलं तर आपण काय करतो? तेल सोडतो. दार करकरलं? तेल. कात्री अडली? तेल. या सृष्टीत जे जे म्हणून ओरडतं, ते तेलावाचून ओरडतं, असा त्यांचा पस्तीस वर्षांचा अनुभव होता. मिस्त्री उगाच वेळ काढतोय.

मंगळवारी त्यांनी चारही चाकं एकेक करून उतरवली. लांब नळीच्या कुपीतून शिवणयंत्राचं तेल त्या चकचकीत तबकड्यांवर आणि त्यांना चिमटीत धरणाऱ्या पॅडवर सोडलं. थेंब थेंब, प्रेमाने, देवाच्या मूर्तीला लावावं तसं. वर मलमलच्या तुकड्याने पुसून सारखं पसरवलं, एक कण कोरडा राहू दिला नाही. मग चाकं चढवली आणि परीक्षा घेतली. मास्तरीणबाई आत बसून ब्रेक दाबणार, मास्तर मागून ढकलणार. मास्तरांनी चार पावलं ढकललं, बाईंनी ब्रेक दाबला, मास्तर कान देऊन उभे राहिले. आवाज नाही. गाडी थांबली. मास्तरांचे डोळे भरून आले.

गाडी थांबली होती, कारण ढकलणारा थांबला होता. पण हे त्या माउलीच्याही लक्षात आलं नाही.

बुधवारी मास्तर निघाले. इस्त्रीचा सदरा, शेजारच्या सीटवर धुतलेला टॉवेल, छप्पर मागे टाकलेलं. स्टेशनपर्यंतचा रस्ता हळूहळू चढत जातो, त्यामुळे ब्रेकची गरजच पडली नाही. गाडी पहिल्या गियरमध्ये अशी शांत चालली होती, की मास्तरांना वाटलं, वर बसलेला सगळं ऐकतोय. स्टेशनसमोर एक गोल बाग आहे आणि तिच्याभोवती रस्ता. तिथे उभ्या असलेल्या हवालदाराने हात दाखवला. मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडीने हवालदाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

मास्तरांनी पुन्हा दाबला. पेडल खाली गेलं, वर आलं, फार सभ्यपणे. मग मात्र मास्तरांचं जे काही ज्ञान होतं, ते सगळं कानांवाटे निघून गेलं. क्लच दाबायचा असतो, गियर काढायचा असतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण त्यांनी उंदीर पाहिल्यासारखे दोन्ही पाय वर उचलून धरले. किल्ली फिरवली तर स्टिअरिंग अडकेल आणि आपण बागेतल्या कारंज्यात जाऊ, अशीही एक धास्ती बसली. गाडी आपली पहिल्या गियरमध्ये, माणूस चालतो तेवढ्या वेगाने, बागेला फेरी घालू लागली.

आणि फुटपाथवर ताई उभी होती.

केस पांढरे झालेले, खांद्यावर एक पिशवी, उभं राहण्याची ढब तीच, पाय फाकवून, जणू जमीनही हलणार आहे. मास्तर तिच्यासमोरून हात हलवत पुढे गेले. नऊ वर्षांनी बहीण दिसली आणि हा माणूस थांबला नाही! ताईला वाटलं, ओळखलं नाही. दुसऱ्या फेरीला ती ओरडली, "छोट्या, मी इथे आहे." मास्तरांनी मान डोलावली आणि रडवेल्या तोंडाने पुढे निघून गेले. ख्यालीखुशाली फेरीफेरीने होऊ लागली. तिसऱ्या फेरीत ताईने विचारलं, बरा आहेस ना? चौथ्या फेरीत मास्तरांनी सांगितलं, बरा आहे. पाचवीला त्यांनी हळूच कबूल केलं, की ब्रेक लागत नाहीत.

ताईने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, पिशवी वर केली आणि सहाव्या फेरीत ती सीटमागच्या फटीत टाकली. सातव्या फेरीत ती चार पावलं गाडीबरोबर चालली, दारावर हात ठेवला आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, जहाजाच्या शिडीवरून उतरावं तशी अलगद आत बसली. हवालदाराने शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि तशीच परत खिशात ठेवली.

ताईने नाक वर करून एकदा वास घेतला. "शिवणयंत्राचं तेल?"

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

"पॅडवर?"

"तबकडीवरसुद्धा," मास्तर म्हणाले. आणि मग बांध फुटावा तसं सगळं बाहेर आलं. नऊ वर्षांचं खोटं, तो आवाज, डॉक्टरीणबाईंचे पेशंट, मिस्त्रींचा गुरुवार. ताई रागावेल म्हणून ते अंग चोरून बसले. ताई रागावली नाही. आता काय करू, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, चालव. घाबरू नकोस, नुसता गोल फिरव.

मास्तर फिरवत राहिले. ताईने मास्तरीणबाईंच्या गुडघ्यांबद्दल विचारलं, भाचीच्या नोकरीबद्दल विचारलं. आईच्या शेवटच्या दिवसांत ती समुद्रावर होती. तेव्हाचं तिने कधी फोनवर विचारलं नव्हतं, ते आता विचारलं. मास्तरांनी बागेकडे बघत सगळं सांगितलं, आई दाराच्या आवाजाला कशी मान वळवायची तेही सांगितलं. मग ताईने आपलं सांगितलं. जहाजाच्या पोटात इतका गडगडाट असतो, की माणसाचा आवाज दिवसेंदिवस ऐकू येत नाही. रात्रपाळी संपली की ती डोळे मिटून मनातल्या मनात घरच्या गल्लीतून चालत जाते, दुकानांच्या पाट्या वाचत. मास्तरांनी सांगितलं, की त्यातल्या तीन पाट्या आता बदलल्या. कुठल्या, म्हणून तिने फार काळजीने विचारलं.

किती फेऱ्या झाल्या ते मास्तरांना कळलं नाही. हवालदाराने नंतर सांगितलं, एकतीस. त्याने मध्ये एकदा चालत्या गाडीजवळ येऊन विचारलं होतं, बाई, काही मदत? ताई म्हणाली, नको, आमचं बोलणं चाललंय. तेव्हापासून तो बाकीची वाहनं बाजूला घेत होता.

एवढ्यात स्टेशनातून आगगाडी हलल्याचा आवाज आला. एकेक डबा सांधा ओलांडत गेला आणि मग शांत झालं. मास्तर दचकले. तुझी गाडी गेली, ते ओरडले. ताई म्हणाली, हो, गेली. दुसरी पहाटे आहे. बंदरावर उद्या दुपारी पोचलं तरी चालतं.

मग तिने पाय पलीकडे घालून क्लच दाबला, एका हाताने गियर काढला, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग बागेपासून आणखी वर चढत जाणाऱ्या रस्त्याकडे वळवलं. गाडी दहा-बारा हात चढली, दमली आणि आपसूक उभी राहिली. ताईने उतरून रस्त्याकडेची एक वीट चाकाखाली सारली आणि हात झटकले. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नाही.

मास्तर आधी विटेकडे आणि मग ताईकडे बघत राहिले. "ताई, तुला थांबवता येत होती?"

"येत होती की."

"मग आधी का नाही थांबवलीस?"

"थांबली असती तर उतरावं लागलं असतं," ताई म्हणाली.

त्या संध्याकाळी दोघं चालत घरी गेली, पिशवीचा एकेक बंद धरून. वाटेत ताईने बदललेल्या तिन्ही पाट्या थांबून वाचल्या. गुरुवारी मिस्त्रींनी चारही चाकांचे नवे पॅड बसवले आणि मास्तरांना जे काही ऐकवलं, ते मी इथे सांगत नाही, मंडळीत वडीलधारी माणसं आहेत. तोवर ताई पहाटेच्या आगगाडीने केव्हाच निघून गेली होती.

आता तुम्ही घरी जाल. झोपण्याआधी हात जोडाल, आपलं मागणं मागाल, तेही योग्यच. ते झाल्यावर घटकाभर हात तसेच ठेवा आणि त्या ताईची आठवण करा. ती या क्षणी कुठल्याशा पाण्यावर, इंजिनांच्या गडगडाटात उभी आहे, आणि तिला कुणाचाही आवाज ऐकू येत नाही.