हादरा पोचला, उजेड बाकी

मुलुंडच्या शेवंतीबाईंनी मुलीचं लग्न जमावं म्हणून सोळा सोमवार धरले होते. शेवटच्या सोमवारीच रश्मीला बघायला मंडळी आली. पोहे घेता घेता मुलाची आई, नंदाताई म्हणाल्या, "आम्हाला मुलगी आणि नारळ पुरे हो." उपाशीपोटी शेवंतीबाईंनी मनातल्या मनात महादेवाला हात जोडले.

तेवढ्यात रश्मीचा फोन भोंग्यासारखा कोकलला.

"सॉरी हं, आज वेधशाळेची माझी ड्यूटी आहे," म्हणत तिने लॅपटॉप उघडला. "दोन तारे आदळलेत बहुतेक. त्या टकरीच्या लहरींचा हादरा आत्ता आमच्या यंत्रापर्यंत पोचला."

"कुठे?" नंदाताईंनी आधी खिडकी बघितली.

"खूप लांब, काकू. अशा टकरीत सोनं तयार होतं."

नंदाताईंचा चमचा थांबला. "किती?"

"पृथ्वीच्या वजनापेक्षाही जास्त."

"आमच्या पोरीनं शोधलं," रश्मीचे वडील राजाराम फुशारून म्हणाले.

"मग ते नावावर कोणाच्या होतं?" नितेशने विचारलं. आतापर्यंत नवरा मुलगा फक्त पोह्यांकडे बघत होता.

नंदाताई खुर्ची पुढे सरकवून बसल्या. "आम्ही मागत नाही हां. पण आईवडिलांची हौस असते ना. पाटल्या, तोडे... हौसेला आम्ही कशाला आडवं यायचं?"

"अजून खात्री नाही, काकू. नुसता हादरा पुरत नाही. पाठोपाठ गॅमा किरणांचा झोत, उजेड, तोही दिसावा लागतो. तरच खरं."

चहा होईतो फोन पुन्हा वाजला. "गेलं," रश्मी म्हणाली. "तारे नव्हतेच. यंत्रातला गोंगाट."

"म्हणजे सोनं नाही?"

"काहीच नाही."

"कळवतो," म्हणून नंदाताई चहा न घेताच उठल्या.

"वाट लावलीस गं," राजाराम कपाळाला हात लावून बसले. "किती दिवसांनी धड स्थळ आलं होतं."

दुसऱ्या दिवशी नंदाताईंचा फोन आला. "मुलगी पसंत आहे. फक्त ते हौसेचं तेवढं आधी बोलून घेऊ."

राजाराम समोरून 'हो म्हण, हो म्हण' अशा खुणा करत होते. शेवंतीबाई नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या, "नंदाताई, तुमचा हादरा पोचला हो. उजेड काही दिसला नाही." आणि फोन ठेवला.

पुढच्या सोमवारी त्यांनी चुर्मा करून व्रताचं उद्यापन केलं.

"अगं, पण लग्न जमलंय कुठे?" राजाराम कुरकुरले.

"नाही जमलं, त्याचंच तर," म्हणत शेवंतीबाईंनी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला.